उत्तरेश्वर आणि लालीचं दूध

उत्तरेश्वर,

या महिनाअखेरीला तू नगरपालिकेतून निवृत्त होतोयस, म्हणून तुझ्या कचेरीतली मंडळी एक छोटी पुस्तिका काढताहेत. परवा माझ्याकडे येऊन म्हणाली, "बाई, सरांबद्दल दोन शब्द द्या." मी म्हटलं, तो दोन शब्दांत बसणारा नाही, आणि मला दोन शब्दांत थांबता येत नाही. तेव्हा हे लांबणार. जागा कमी पडली तर मान्यवरांचे फोटो काढा, माझं कापू नका, असं त्यांना बजावून ठेवलंय.

समारंभात कोण काय बोलणार ते मला आत्ताच पाठ आहे. कर्तव्यदक्ष, मितभाषी, अजातशत्रू. यातलं मितभाषी तेवढं खरं. अजातशत्रू तर तू मुळीच नाहीस. या गावातल्या निम्म्या भजीवाल्यांनी तुझ्या नावानं बोटं मोडलीत आणि उरलेल्या निम्म्यांकडे तू अजून पोचलेला नाहीस.

तुझी आणि माझी ओळख पंचेचाळीस वर्षांची. मी औरंगाबादेहून नवी नवी बी.एस्सी. होऊन इथल्या शाळेत लागले, आणि माझ्या पहिल्याच वर्गात तिसऱ्या बाकावर तू होतास. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, खिशात शेंगदाणे. मी फळ्यावर जंतू काढून दाखवले तेव्हा सगळा वर्ग हसला. तू हात वर केलास. "बाई, हे आमच्या हॉटेलात पन असत्यात का?" मी म्हटलं, "सगळ्यात जास्त तिथंच असतात." दुसऱ्या दिवशी तुझे वडील, वैजिनाथअप्पा, शाळेच्या दारात हजर. बसस्टँडसमोर त्यांचं चहा-भज्यांचं हॉटेल होतं, आणि ते अंगावरच्या तेलकट बंडीसकट तसेच आले होते.

"बाई, पोराला काय शिकवलं तुमी? भर गिऱ्हाइकात म्हनतो, अप्पा, हात धुवा!"

"मग धुतले का?"

"धुतले की. काय करता! समदे बघत होते."

पुढं तू मॅट्रिक झालास, स्वच्छता निरीक्षकाचा कोर्स केलास आणि आपल्याच गावच्या नगरपालिकेत चिकटलास. पहिल्या आठवड्यातली गोष्ट गावात अजून सांगतात. तू सरकारी टोपी घालून वैजिनाथअप्पांच्या हॉटेलात गेलास आणि कढईतलं काळं झालेलं तेल त्यांच्यादेखत गटारात ओतलंस. अप्पा ओरडले, "ह्याच तेलावर वाडलास बे तू!" तू म्हणालास, "तेच तर म्हनतो, अप्पा. माजं पोट कावून दुखायचं ते आत्ता कळलं." तीन दिवस तुला घरी कुणी जेवायला वाढलं नाही. चौथ्या दिवसापासून मात्र अप्पा गल्ल्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारायला लागले, "बिनघोर खावा! इन्स्पेक्टर घरातलाच हाय!" धंदा दीडपट झाला. तुझं तोंड मात्र महिनाभर पडलेलंच होतं.

तुझी कामाची रीत मला आवडायची, आणि तिचा रागही यायचा. तू कुणावर चटकन खटल्याचा कागद करायचा नाहीस. जिलेबीवर माशा असल्या तर पिशवीतून जाळीचं फडकं काढून आपल्या हातानं झाकायचास. रसवंतीचा बर्फ पोत्यावर, पोतं रस्त्यावर, असं दिसलं की स्वतः लाकडी पाट आणून द्यायचास. मी म्हणायची, "अरे, एकदा दणका दे ना!" तू म्हणायचास, "बाई, दनका दिला की तो दुसऱ्या गल्लीत गाडा लावतो. माशा काय, तिथं बी येत्यात." उन्हाळ्यात गॅस्ट्रोची साथ आली की तू आठ-आठ दिवस धड झोपत नसायचास. आणि बाहेरचं खाणं कसलं, कुणाच्या गाड्यावर पाण्याचा घोटही तू कधी घेतला नाहीस. तू चहा प्यायचास तो फक्त माझ्याकडे. तेही पातेल्यात डोकावून.

पण मला लिहायचंय ते मंजुळाबाईबद्दल. भाषणात तो विषय कुणी काढणार नाही. तुला अवघडल्यासारखं होईल, मला माहीत आहे. होऊ दे.

मंजुळाबाई आमच्या गल्लीच्या टोकाला राहायची. नवरा ऐन तरुणपणी गेलेला, एकुलती लेक आष्टीच्या पलीकडच्या खेड्यात दिलेली. घरात ती एकटी, आणि दावणीला दोन लाल कंधारी गाई. थोरलीचं नाव लाली. गावात म्हशीचं दूध पाहिजे तितकं मिळायचं, गाईचं मिळायचं ते हिच्याकडेच. त्यामुळे बाळंतिणीच्या घरचा माणूस, टायफॉइडमधून उठलेला माणूस, आईचं दूध न पुरणाऱ्या लेकराची आजी, सगळे सकाळी तिच्या दारात. धाकट्या गाईचं असलं तरी 'लालीचं दूध'च म्हणायचे. तिनं स्वतः 'गाईचं दूध' असं कधी म्हटल्याचं मला आठवत नाही. गरजच नव्हती. लाली कोण, हे इथं पाळण्यातल्या पोरालाही माहीत होतं. तुझी नात वर्षाराणी सात महिन्यांची जन्मली ती त्याच दुधावर वाढली, हेही इथं लिहून ठेवते.

त्र्याण्णव साली दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात जिल्ह्याहून अन्न तपासणीचे साहेब आले. त्यांची जीप नाक्यावर पोचायच्या आधी बातमी गावभर झाली होती, नेहमीसारखीच. गाडे गल्लीबोळांत शिरले, हॉटेलांची फळ्या-दारं लागली. अर्जुनराव म्हणून मोठा गवळी होता, सोळा म्हशींचा धनी. त्यानं दोन कॅन भरून दूध गटारात पालथं केलं. त्या दिवशी गावातल्या कुत्र्यांची चंगळ झाली. साहेब जीपमधून उतरून इकडं-तिकडं बघत म्हणाले, "काय हो, या गावात दूध पीत नाहीत का लोक?"

तुझी मान खाली. आणि नेमकी तेव्हाच मंजुळाबाई हातात किटली घेऊन रोजच्या चालीनं गल्लीतून बाहेर पडली. तिला पळायचं काही कारणच नव्हतं.

तू पुढं झालास. पुढं तू मला शंभर वेळा सांगितलंस, ते शब्द मला पाठ झालेत. तू म्हणालास, "साहेब, हिचं घ्या. आमच्या गावचा एक तरी नमुना चोख निघू द्या."

नमुना घ्यायचा तर पंच लागतो. सही करायला तिऱ्हाईत माणूस हवा. बाजारातल्या प्रत्येकाला एकाएकी कुठं ना कुठं जायचं होतं. तू धावत माझ्या दारात. "बाई, सही पायजे. पाच मिनिटं." मी कणीक मळत होते, शेगडीवर दूध चढवलेलं. तशीच निघाले.

साहेबांनी दूध डावानं ढवळलं, तीन बाटल्यांत सारखं भरलं, प्रत्येकीत औषधाचे थेंब टाकले. मंजुळाबाई बघत होती.

"ते काय टाकता, साहेब?"

"दूध टिकायला पाहिजे ना, मावशी. तपासायला लांब जायचंय."

"टिकवता कशापाई? आत्ताच पिऊन बघा की! कळंल."

साहेबसुद्धा हसले. मग बाटल्यांना दोरा, त्यावर लाख, लाखेवर शिक्का. लिहिता लिहिता साहेबांनी मान वर न करता विचारलं, "कसलं दूध आहे?"

"लालीचं हाय. सकाळचंच."

तू मान हलवलीस, मीही हलवली. आपल्या दोघांच्या लेखी उत्तर पूर्ण झालं होतं. साहेब परगावचे. लाली हे तिच्या लेकीचं नाव असेल, नाहीतर सुनेचं, असंच त्यांना वाटलं असणार. त्यांनी 'दूध' एवढंच लिहिलं आणि पुढची ओळ, जनावर कोणतं याची, मोकळी ठेवली. मंजुळाबाईनं अंगठा दिला. कागद माझ्यापुढं आला. 'वाचल्याशिवाय सही करू नका' असं पस्तीस वर्षं पोरांच्या डोक्यात मी हाणलं होतं, आणि त्या वेळी माझं सगळं लक्ष घरात उतू चाललेल्या दुधाकडे होतं. केली सही. पळाले घरी. दूध उतू गेलेलंच होतं.

दोन महिन्यांनी तू माझ्याकडे आलास तेव्हा चप्पल काढायचंही विसरलास. हातात तपासणीचा अहवाल.

"बाई, मंजुळामावशीचा नमुना नापास."

"वेडा आहेस का?"

"वाचा."

वाचलं. स्निग्धांश चार पूर्णांक दोन. मी म्हटलं, "गाईला साडेतीन पुरतो. हा तर उत्तम आहे!" तू खालच्या ओळीवर बोट ठेवलंस. दूध कोणत्या जनावराचं ते कळवलं नसेल तर ते म्हशीचं धरून तपासायचं, असा नियम. म्हशीला सहा लागतो. म्हणजे तिच्या चोख गाईच्या दुधाला कायद्यानं भेसळीचं म्हशीचं दूध ठरवलं होतं. किटलीवर 'गाय' एवढा एक शब्द असता, किंवा कागदावर आपण दोघांनी सांगून तो लिहून घेतला असता, तर यातलं काही झालं नसतं.

तू पायरीवर बसलास. "मीच नेलं साहेबाला तिच्याकडं," म्हणालास. एवढंच. मी चहा केला. तू त्या दिवशी पातेल्यात डोकावलं नाहीस.

खटला उभा राहिला. विठ्ठलराव वकिलांनी तिचं काम घेतलं आणि पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं की गुन्हा शाबीत झाला तर कमीत कमी सहा महिने आत. बासष्ट वर्षांची बाई. ती म्हणाली, "जाईन की. तितं बी भाकर देत्यात. पन मी पानी टाकलं असं म्हननार न्हाई, कुनी कायबी करा." तिला तुरुंगाचं भय नव्हतं. तिला बोच होती ती एकाच गोष्टीची. तेव्हापासून गावात म्हणायला लागले, 'मंजुळाबाईच्या दुधात पाणी निघालं.' सगळ्यात मोठ्यानं म्हणत होता तो ज्यानं दोन कॅन गटारात ओतले होते तो. एकेक दार बंद होत गेलं. ज्या सुनांची लेकरं तिच्या दुधावर उभी राहिली त्या तिला बघून पदर सावरत आत जायला लागल्या. त्याच सुमारास गावात पिशवीचं दूध आलं. पिशवीवर सगळं छापलेलं असतं, मग कुणी काही विचारत नाही.

आणि ती तुझ्याशी बोलायची थांबली.

तू सकाळी गणवेश घालून, भर गल्लीतून, सगळ्यांना दिसेल असा तिच्या दारी रिकामी किटली घेऊन जायला लागलास. नगरपालिकेचा निरीक्षक स्वतः हिचं दूध घेतोय, हे लोकांनी बघावं म्हणून. मला माझ्या ओट्यावरून दिसायचं.

"मावशी, एक लिटर."

"सरकारी मानसाला दूध न्हाई."

"मावशी..."

"न्हाई म्हनले ना. पानी हाय त्यात. नळाला जा."

तू दहा मिनिटं उभा राहायचास आणि रिकामी किटली घेऊन परत यायचास. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी एकदा चिडून म्हटलं, "किती दिवस हा तमाशा? लोक हसतात तुला!" तू म्हणालास, "हसू द्या. हसायला तरी तिच्या दाराकडं बघतेत." सव्वा महिना हे चाललं. मग एका सकाळी तिनं तुझ्या हातातून किटली ओढून घेतली, भरली आणि उंबऱ्यावर आदळली. "तुला न्हाई. वर्षाराणीला हाय. तू तोंड लावलंस तर बघ!" तू किटली उचललीस. त्या दिवशी तू माझ्या ओट्यावरून गेलास ते माझ्याकडे न बघता. मीही तुला हाक मारली नाही.

नंतर तू रंगाचा डबा घेतलास. हा धडा कुठल्या कोर्समध्ये नव्हता. पहाटे गवळी गावात शिरतात त्या नाक्यावर तू उभा राहायचास आणि एकेकाची किटली, एकेकाचा कॅन अडवून ब्रशनं लिहायचास. तांबड्या रंगात 'गाय', काळ्या रंगात 'म्हैस'. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना रंगावरून कळावं म्हणून दोन रंग. थट्टेला तर ऊत आला होता. "उत्तऱ्या, म्हशीचं नाव बी लिव्ह की, चंद्री हाय तिचं!" कुणी म्हणालं, "माजं मिसळीचं हाय, काय लिवशील?" तू म्हणालास, "दोन्ही लिहितो. तिसरं काय असंल तर ते बी सांग, जागा हाय." अर्जुनरावाच्या कॅनवर 'म्हैस' लिहून झाल्यावर तू जरा थांबून विचारलंस म्हणे, "खाली 'नळ' लिहू का, अर्जुनराव?" मी ते ऐकलं आणि घरात एकटी बसून हसले. तुझ्या तोंडून निघालेला तेवढा एकच विनोद मला ठाऊक आहे.

शहाण्णव साली साक्षी झाल्या. त्याआधी तुला वरून सांगण्यात आलं होतं की 'आठवत नाही' एवढं म्हण, भानगडीत पडू नकोस, कागद जसा आहे तसा राहू दे. तू माझ्याकडे आलास आणि विचारलंस, "बाई, काय म्हनू?" मी म्हटलं, "शाळेत खोटं बोललास तर पट्टी मारत होते. आता पट्टी नाही माझ्याकडे. तुझं तू बघ."

कोर्टात सरकारी वकील माझ्यावर तुटून पडला.

"बाई, तुम्ही पंचनामा वाचून सही केलीत?"

"नाही."

"शिक्षिका असून?"

"शिक्षिका असून."

"का?"

"घाई होती. माझा स्वभाव आहे तो. त्याची शिक्षा मला द्या, तिला कशाला देता?"

न्यायाधीश म्हणाले, विचारलं तेवढंच बोला. नंतर तू उभा राहिलास. विचारणारा तोच.

"दूध कोणतं आहे हे आरोपीनं सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं, साहेब. लालीचं हाय म्हनली."

"लाली कोण?"

"गाय."

"हे तुम्हाला कसं माहीत?"

"गावाला माहीत हाय."

"मग कागदावर का नाही?"

"गावाला माहीत हाय म्हनूनच न्हाई, साहेब."

न्यायाधीशांचा लिहिणारा हात थांबला. त्यांनी चष्म्यावरून तुझ्याकडे बघितलं. तू पुढं म्हणालास, आणि ते तुला कुणी विचारलेलं नव्हतं, "साहेबास्नी म्या नेलं तिच्याकडं. लिहून घ्यायचं माजं काम होतं. चूक माजी हाय. दूध चोख होतं." मंजुळाबाई मागच्या बाकावर पदर तोंडाला लावून बसली होती. ती तुझ्याकडे बघतही नव्हती. पण बाहेर आल्यावर तुझ्या शेजारून जाताना क्षणभर थबकली आणि म्हणाली, "वर्षाराणीला दात आले का समदे?" तू म्हणालास, "आले, मावशी." ती गेली. त्या उंबऱ्यावरच्या किटलीनंतर तुमचं एवढंच बोलणं.

त्या साक्षीनंतर तुला खाद्यपदार्थांच्या कामावरून काढलं आणि दोन वर्षं डासांच्या फवारणीवर धाडलं. पाठीला पंप बांधून तू गटारं फिरलास. कुरकूर केली नाहीस. ती मीच केली, तीही तुझ्या वाट्याची.

निकालाला कोर्टानं आणखी दोन वर्षं घेतली. तोवर मंजुळाबाई इथं राहिली नाही. गिऱ्हाईक उरलं नव्हतं, लाली म्हातारी होऊन गेली, धाकटी गाय आटली. लेक येऊन तिला घेऊन गेली. विठ्ठलरावांनी तिच्यासाठी हजेरीची सूट मागून घेतली. निकाल लागला तेव्हा ती कोर्टात नव्हती. वकिलांनी कार्ड टाकलं, 'तुम्हाला सोडले आहे.'

हे कार्ड गेलं आणि आपण सुटकेचा निःश्वास टाकला. मूर्खपणा. शेजारची सुंदरबाई लग्नाला आष्टीकडे गेली होती, ती मंजुळाबाईला भेटून आली. येऊन मला म्हणाली, "बाई, मावशी बरी हाय. पन म्हनते, सोडलं म्हनं मला. म्हातारी म्हनून दया आली आसंल साहेबाला. पानी टाकलं म्हनले ते म्हनलेच की." मी तुला सांगितलं. चौथ्या दिवशी निकालाची सही-शिक्क्याची नक्कल काढून माझ्यासमोर ठेवलीस. शेवटच्या पानावर तू पेन्सिलीनं एका ओळीखाली रेघ ओढली होतीस. 'सदर दूध गाईचे असून त्यात कोणतीही भेसळ नव्हती, असे हे न्यायालय मानते.'

"हे तिला वाचून दाखवाया पायजे, बाई," तू म्हणालास. "माज्या तोंडून तिला खरं वाटनार न्हाई. तुमी वाचा. मी बाजूला उबा राहतो."

"मग आपण माफी मागायची का?"

"ती तर मागूच. पन आदी वाचायचं."

ठरलं. रविवारी सकाळची सातची गाडी, आष्टीला उतरून पुढं दीड कोस पायी. गणवेशाशिवाय मी तुला क्वचितच पाहिलं असेल. त्या दिवशी तू पांढरा सदरा घालून आलास. हातात भाकरीचं फडकं आणि पेढ्यांचा पुडा. पेढे तुझ्या बायकोनं घरी केले होते, हे मी न विचारताच तू सांगितलंस. आपण बसस्टँडच्या बाकड्यावर बसलो. साडेसात वाजले. पावणेआठ. तू म्हणालास, "येतीय, बाई. रविवारी उशीर करते." आठ वाजले. मी दोनदा उठून कंट्रोलरशी भांडून आले. सव्वाआठला मी म्हटलं, "पुरे झालं. आज काही येत नाही ही. पुढच्या रविवारी जाऊ."

"बाई, अजून पंधरा मिनिटं बसू की."

"पंधरा पंधरा करत माझा जन्म जाईल इथं. चल."

तू उठलास. वर्गातही तू असाच उठायचास, एका शब्दावर. मी घरी पोचून दाराला किल्ली लावत होते तेव्हा नाक्याकडून गाडीचा हॉर्न ऐकू आला. तू गल्लीच्या तोंडाशीच होतास. वळून माझ्याकडे बघितलंस. मनात आणलं असतं तर पळत जाऊन गाडी पकडता आली असती. मी हात हलवून सांगितलं, जा, आता पुढच्या रविवारी.

पुढच्या रविवारी कपिलधारच्या यात्रेत तुझी ड्युटी लागली. त्याच्या पुढच्या रविवारी माझं गुडघ्याचं निघालं. त्यानंतरच्या गुरुवारी सुंदरबाई सांगत आली की मंजुळाबाई गेली, दोन दिवसांच्या तापानं.

त्याला आता पाच वर्षं होतील. तू अजून सकाळी माझ्याकडे चहाला येतोस, पातेल्यात डोकावतोस, पाणी उकळलं का विचारतोस. मंजुळाबाईचं नाव तू काढत नाहीस, मीही काढत नाही. त्या दिवशी तुझं ऐकायला हवं होतं. आणखी पंधरा मिनिटं बसायला हवं होतं, उत्तरेश्वर.

तुझ्या,
बाई